वडील कधी वारले, हे आधी पाहा: वारसा हक्कासंबंधी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वारसा हक्काचे प्रश्न सर्वांत जास्त असतात, आणि त्यांतही इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या वस्त्यांतील मराठी घरांचे. घर आजोबांनी घेतलेले, कागदावर नाव वडिलांचे, राहायला भाऊ आणि बहिणी आपापल्या सासरी, अशी बहुतेकांची स्थिती असते. पत्रलेखक सहसा कोण किती वाईट वागले याची हकीकत विस्ताराने लिहितात. मात्र मिळकत कोणी मिळवली, ती पुढे कोणाच्या हाती कशी आली आणि मधली माणसे कोणत्या वर्षी वारली, हे एका ओळीत उरकतात. न्यायालयात निकाल त्या एका ओळीवर लागतो. म्हणून या वेळी अशी पत्रे निवडली आहेत, ज्यांत तारखा दिलेल्या आहेत.

प्रश्न: आमचे रामबागेतील घर आजोबांनी होळकर संस्थानच्या काळात विकत घेतले. आजी आधीच गेल्या होत्या. आजोबा 1951 साली मृत्युपत्र न करता वारले. माझे वडील त्यांचे एकुलते एक अपत्य. वडील 1998 साली वारले, त्यांनीही मृत्युपत्र केले नव्हते. आई हयात आहे. आम्ही दोन भाऊ आणि तीन बहिणी. 2003 साली भावांनी आम्हा बहिणींकडून 100 रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या. मजकूर असा होता: ‘आम्हांस साडीचोळी पावली, वडिलांच्या मिळकतीत आमचा काही हक्क राहिला नाही.’ त्यावर नोटरीचा शिक्का आहे. पुढे नगर निगमच्या खात्यावर दोघा भावांची नावे चढली. आता घर बिल्डरला द्यायचे चालले आहे. भाऊ म्हणतात, वडील 2005 च्या आधी वारले, म्हणून मुलींना हक्क नाही. शिवाय 2001 मध्ये दोघा भावांत तोंडी वाटणी झालेली होती. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर: आपल्या भावांचे पहिले म्हणणे एके काळी बरोबर होते, आज ते बरोबर नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 17 जून 1956 रोजी लागू झाला. त्यातील कलम 6 मध्ये 9 सप्टेंबर 2005 पासून दुरुस्ती झाली आणि मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क असणारी हिस्सेदार ठरली. तिचे लग्न झाले आहे की नाही, याचा त्यात काही संबंध ठेवलेला नाही. त्यानंतर ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी असे म्हटले की, 2005 च्या त्या दिवशी मुलगी आणि वडील दोघेही हयात असले पाहिजेत. 2018 साली ‘दानम्मा’ प्रकरणात वडील 2001 मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा दिला गेला, आणि खालच्या न्यायालयांपुढे दोन निकाल परस्परविरुद्ध दिशांना बोट दाखवू लागले. हा गोंधळ 11 ऑगस्ट 2020 रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने संपवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, तो वडिलांकडून वारशाने येत नाही, म्हणून 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, असे त्या पीठाने स्पष्ट केले. आपले वडील 1998 मध्ये वारले, ही गोष्ट आता आपल्या आड येत नाही.

मात्र हा निकाल आपल्याला लागू होतो, याचे कारण आपल्या पत्रातील 1951 ही तारीख आहे. आजोबा 1956 च्या आधी वारले, त्यामुळे त्यांची मिळकत जुन्या मिताक्षरा कायद्याप्रमाणे आपल्या वडिलांच्या हाती आली, आणि त्या कायद्यात वडिलांकडून आलेली मिळकत मुलाच्या हाती त्याच्या संततीपुरती वडिलोपार्जित राहते. आजोबा पाच-सहा वर्षे अधिक जगले असते, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या वाटेने द्यावे लागले असते. ती वाट पुढील पत्रात येईलच.

आता हिस्सा किती, ते पाहू. 1978 साली ‘गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई’ या प्रकरणात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल आजही हिशेबाचा नमुना मानला जातो, आणि त्या घराची रचना नेमकी आपल्या घरासारखी होती: पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे समजून पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी 1/4 धरले. मग पतीचे 1/4 सहा वारसांत वाटले, म्हणजे प्रत्येकी 1/24. आई आणि प्रत्येक मुलगा यांच्या वाट्याला 7/24, आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला फक्त 1/24. आता हाच हिशेब मुलींना सहदायाद धरून करा. वडील, आई आणि पाच मुले मिळून सात वाटेकरी, प्रत्येकी 1/7. वडिलांचे 1/7 सहा वारसांत वाटले की प्रत्येकी 1/42. दोन्ही मिळून 7/42, म्हणजे 1/6. त्याच घरात, त्याच भिंतींत, मुलीचा हिस्सा 1/24 वरून 1/6 वर आला, चौपट झाला. इतका मोठा फरक पडत असल्यामुळेच विरोधही तितक्याच जोराने होतो, हे ध्यानात ठेवावे.

समोरचे वकील असे म्हणतील की, 1998 मध्येच कायद्याने वाटणी झालेली मानली जाते, मग 2005 ची दुरुस्ती कशाला लागू होणार? याचेही उत्तर विनीता शर्मा निकालात आहे. जुन्या कलम 6 मधील ती वाटणी मृताचा हिस्सा ठरवण्यापुरती मानलेली कल्पना आहे. तिच्यामुळे प्रत्यक्ष वाटणी होत नाही आणि एकत्र मिळकत फुटत नाही.

तोंडी वाटणीचा बचाव आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दाव्यात घेतला जातो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटण्यांना दुरुस्तीचा कायदा हात लावत नाही हे खरे, परंतु वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, असे कायद्यातच लिहिले आहे. तोंडी वाटणीचे म्हणणे न्यायालय अपवाद म्हणूनच ऐकते, आणि तेही त्या काळातील सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर. 2001 मध्ये वाटणी झाली असेल, तर त्यानंतर मालमत्ता कराची खाती वेगळी झाली का, विजेची जोडणी वेगळी घेतली का, कर्ज काढताना कोणी आपला स्वतंत्र हिस्सा दाखवला का, हे विचारले जाईल. दोघांचीही नावे एकाच खात्यावर एकत्र चढली असतील, तर ती नोंद वाटणी झाली नव्हती असेच सुचवते.

राहिला तो स्टॅम्पचा कागद. साडीचोळी घेऊन बहिणीने हक्क सोडण्याची रीत आपल्या घरांत मायेची मानली जाते. न्यायालय मात्र दस्त पाहते. 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे पंजीयन कार्यालयात नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. न नोंदवलेल्या कागदाने हक्क जात नाही आणि तो सोडल्याचा पुरावा म्हणून तो कागद वाचलाही जात नाही. याखेरीज, सहदायाद म्हणून मिळणारा हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला. तो 2003 मध्ये सोडता येणे शक्यच नव्हते, असाही युक्तिवाद आपल्याला करता येईल. भाऊ कदाचित ‘काळे विरुद्ध उपसंचालक, चकबंदी’ या 1976 च्या निकालाचा आधार घेतील, ज्यात तोंडी झालेल्या कौटुंबिक समझोत्याची केवळ आठवण म्हणून केलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही असे म्हटले आहे. पण आपल्या कागदात आधी झालेल्या समझोत्याचा उल्लेख नाही. त्या कागदानेच हक्क सोडवून घेतला आहे, आणि म्हणून त्याला नोंदणी हवीच.

नगर निगमच्या नोंदीने कोणी मालक होत नाही आणि कोणाची मालकी जात नाही. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती असते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या ‘जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या 2021 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नामांतरणाबद्दल हेच पुन्हा सांगितले आहे.

आणखी एक बदल अनेकींना ठाऊकच नसतो. राहत्या घराची वाटणी मागायला मुलीला पूर्वी हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 23 ची आडकाठी होती: भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत तिने थांबायचे. 2005 मध्ये ते कलमच काढून टाकले. आता आपण स्वतः वाटणीचा दावा लावू शकता. तो लावताना बिल्डरशी करार होऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज सोबतच द्यावा, कारण दावा प्रलंबित असताना झालेली विक्री निकालाला बांधलेली राहते खरी, पण इमारत पाडली गेल्यावर ते समाधान फार उपयोगाचे नसते. मुदतीबाबतही सावध राहावे. एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळले आहे, हे आपल्याला ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून 12 वर्षे मोजली जातात. तेव्हा भावांनी ‘तुमचा हिस्सा नाही’ असे प्रथम कधी आणि कसे सांगितले, ते पत्र किंवा संदेश आजच बाजूला काढून ठेवावा. दाव्यात आईला पक्षकार करावेच लागेल, कारण तिचाही 1/6 हिस्सा आहे. तिने या वयात कोणाची बाजू घ्यावी असा आग्रह मात्र आपण भावंडांपैकी कोणीही धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: माझे आजोबा इंदूरच्या कापड गिरणीत नोकरीला होते. पगारातून त्यांनी प्लॉट घेतला आणि घर बांधले. ते 1989 मध्ये मृत्युपत्र न करता वारले, आजी 1995 मध्ये गेली. तेव्हापासून घर माझ्या वडिलांच्या नावावर आहे. वडिलांना ते आता विकायचे आहे. आजोबांची मिळकत असल्याने माझा त्यात जन्मसिद्ध हक्क आहे, म्हणून विक्री थांबवता येईल का? वडिलांना एक बहीण आहे, ती नागपूरला असते. (एक वाचक, इंदूर)

उत्तर: आपण ज्या कारणासाठी विचारत आहात, त्या कारणाने विक्री थांबणार नाही, पण ज्या व्यक्तीचा उल्लेख आपण शेवटी सहज केला आहे, तिच्यामुळे थांबू शकते.

आजोबांची मिळकत म्हणजे नातवाचा हक्क, ही समजूत 1956 पूर्वीच्या कायद्यातील आहे. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर, ते 1956 नंतर वारल्यामुळे, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे त्यांच्या वारसांकडे गेले. त्या कलमाने मुलाला मिळालेली मिळकत ही त्याची स्वतःची, त्यात त्याच्या मुलाला जन्माने हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली संपत्ती करासंबंधीच्या ‘चंदर सेन’ प्रकरणात ठरवले आणि ते आजतागायत टिकून आहे. आपल्या शेजारच्या देवासमधून गेलेले ‘उत्तम विरुद्ध सौभाग सिंह’ हे प्रकरण तर आपल्या प्रश्नाच्या फारच जवळचे आहे. तेथे मिळकत आजोबांच्या काळी एकत्र कुटुंबाची होती. आजोबा 1973 मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नातवाने वडील आणि काका यांच्याविरुद्ध 1998 मध्ये वाटणीचा दावा लावला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आजोबांच्या मृत्यूने मिळकत वारसांकडे गेली, ती एकत्र राहिली नाही, आणि नातवाला वडिलांच्या हयातीत वाटणी मागता येत नाही. मूळची एकत्र मिळकत असूनही तो दावा टिकला नाही. आपल्या आजोबांचे घर तर स्वकष्टार्जितच होते.

आता आत्याचे पाहू. 1989 मध्ये आजोबांचे पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हिस्सा मिळणारे वारस तिघे होते: आजी, आपले वडील आणि आत्या. तिघांना प्रत्येकी 1/3. आजीही मृत्युपत्र न करता गेली असेल, तर तिचा हिस्सा दोन्ही मुलांना सारखा गेला. म्हणजे आज त्या घराचा निम्मा भाग आत्याचा आहे. यासाठी 2005 ची दुरुस्ती लागत नाही, विनीता शर्मा निकालही लागत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा 1956 पासूनच आहे. 2005 च्या बदलाची चर्चा इतकी झाली, की ही जुनी आणि साधी गोष्ट झाकली गेली आहे आणि त्यापायी अनेक बहिणींनी ‘वडील आधीच वारले’ एवढे ऐकून आपला पक्का हिस्सा सोडून दिला आहे.

आपल्या वडिलांनी एकट्याने विक्रीखत केले, तर त्यांचा निम्माच भाग खरेदीदाराकडे जाईल. आत्याने हक्क सोडायचा असेल, तर तिने स्वेच्छेने नोंदणीकृत हकत्यागपत्र करून द्यावे, किंवा विक्रीखतावर सही करून निम्मी रक्कम घ्यावी. तिला हे सारे स्पष्ट सांगावे आणि मग काय करायचे ते तिच्यावर सोडावे.

प्रश्न: आमचे पूर्वज होळकरांबरोबर साताऱ्याकडून माळव्यात आले. महाराष्ट्रात मुलींना 1994 पासून समान हक्क आहे असे पुण्याच्या नातेवाइकांकडून कळले. आम्ही मराठी असल्याने तो कायदा आम्हाला लागू होईल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: नाही. तरीही आपल्या प्रश्नात एक महत्त्वाचा कायदेशीर धागा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिंदू कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, तरी ते आपला व्यक्तिगत कायदा बरोबर घेऊन जाते, हे तत्त्व जुने आहे. 1920 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ‘बळवंतराव विरुद्ध बाजीराव’ या प्रकरणात मध्य प्रांतात येऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाला हे तत्त्व लावले. कुटुंबाने नव्या प्रदेशाचा कायदा स्वीकारला असे जो म्हणेल, त्याने ते सिद्ध करायचे असते. पण बरोबर येतो तो स्थलांतर झाले त्या वेळचा कायदा. मागे राहिलेल्या मुलखात पुढे विधिमंडळाने काही बदल केले, तर ते आपल्यामागून चालत येत नाहीत. महाराष्ट्राची दुरुस्ती 22 जून 1994 पासून त्या राज्यापुरती झाली, आणि तीही त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आंध्र प्रदेश, तामिळनाडू आणि कर्नाटक यांनीही आपापल्या दुरुस्त्या केल्या. मध्य प्रदेशने केली नाही. त्यामुळे एकाच घराण्याच्या पुण्याच्या शाखेतील अविवाहित मुलगी 1994 मध्ये सहदायाद झाली आणि इंदूरच्या शाखेतील तिच्या चुलत बहिणीला आणखी 11 वर्षे थांबावे लागले. हा अन्याय 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने आणि पुढे 2020 च्या निकालाने बराच भरून निघाला आहे.

वारशाचा बहुतेक भाग 1956 च्या अधिनियमाने सर्वांना एकच केल्यामुळे स्थलांतराचे तत्त्व आज क्वचितच लागते. जेथे ते अजून लागते, अशी एक महत्त्वाची जागा म्हणजे अविभक्त हिश्श्याची विक्री. मिताक्षरा कायद्याच्या प्रांतोप्रांती वेगळ्या शाखा आहेत. त्यांपैकी उत्तरेकडे चालणाऱ्या बनारस शाखेत एका सहदायादाला इतरांच्या संमतीशिवाय आपला अविभक्त हिस्सा विकता येत नाही. मुंबई शाखेत मोबदला घेऊन तो विकता येतो. म्हणून इंदूरच्या मराठी घरातील एखाद्या भावाने परस्पर आपला हिस्सा विकला, तर खरेदीदार ‘हे कुटुंब मुंबई शाखेचे आहे’ असे म्हणेल आणि बहुधा ते सिद्धही करील. तरी त्याला लगेच घरात येऊन राहता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 प्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही; त्याने वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि तो लावला की 1893 च्या वाटणी अधिनियमाच्या कलम 4 प्रमाणे कुटुंबातील हिस्सेदाराला तोच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत परत विकत घेता येतो. हा अधिकार आता बहिणींनाही आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. लग्नानंतर लवकरच यजमान गेले, तेव्हापासून सासरशी संबंध नाही. नोकरीच्या पैशातून घेतलेला फ्लॅट माझ्यामागे भाचीला मिळावा अशी इच्छा आहे. ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे जवळची वारस. मृत्युपत्र करणे आवश्यक आहे का? (एक वाचक भगिनी, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: अत्यंत आवश्यक आहे, आणि ते लांबणीवर टाकू नका. अपत्य नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वतःच्या कमाईची मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे पतीच्या वारसांकडे जाते. माहेरची माणसे त्यांच्यानंतर येतात. केवळ आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत माहेरी परत जाते. 2009 साली ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ प्रकरणात जवळजवळ आपल्यासारखीच परिस्थिती होती: लग्नानंतर थोड्याच महिन्यांत पती गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली, आणि त्या बाई मृत्युपत्र न करता वारल्या. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने सारी पुंजी पतीच्या बहिणीच्या मुलांना दिली. मला हे कलम अन्यायाचे वाटते, आणि त्याला आव्हान देणाऱ्या याचिकाही सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आहेत. परंतु आपण त्यांच्या निकालाची वाट पाहू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीतही करता येते, स्टॅम्प लागत नाही. आपण दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. भाचीला आणि तिच्या यजमानांना साक्षीदार करू नये, कारण साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेल्या देणगीवरून हिंदूंच्या बाबतीतही नाहक शंका उपस्थित केल्या जातात. नोंदणी सक्तीची नाही, तरी पंजीयन कार्यालयात ती करून घ्यावी, आणि फ्लॅटबरोबर बँकेतील ठेवींचाही उल्लेख करावा. ठेवींवर केवळ भाचीचे नामनिर्देशन केले म्हणजे तिला मालकी मिळते असे नाही, पतीचे वारस ती रक्कम तिच्याकडे मागू शकतात.